कलर फिल्मचे वेगवेगळे रोल कसे पारखायचे: नवीन लोकांसाठी पायरी-पायरीने

फिल्मकडे नव्याने वळलेला माणूस एक गोष्ट हमखास करतो, ती म्हणजे पाच वेगवेगळे रोल एकदम मागवतो, एक गोल्ड, एक पोर्ट्रा, एक एक्टार, एक ते दिव्यांभोवती लाल वलयं येणारं सिनेस्टिल, आणि एखादा कुणाच्या तरी कपाटात सापडलेला एक्स्पायर्ड. मग प्रत्येक रोल वेगळ्या उजेडात, वेगळ्या मूडमध्ये मारायचा, वेगळ्या लॅबमध्ये टाकायचा आणि शेवटी निष्कर्ष काय, तर एक्टार बेकार आणि पोर्ट्राचा उगाच गवगवा. खरं तर यात फिल्मची तुलना झालेलीच नसते. झालेली असते उजेडाची, उजेड मोजणाऱ्या मीटरची आणि स्कॅन करणाऱ्या माणसाची.

फिल्मचा रंग बघायचा असेल तर बाकी सगळं जागेवर ठेवून एकच गोष्ट बदलायची. बस, एवढंच आहे. खाली जे लिहिलंय ते हे कसं जमवायचं त्याबद्दल.

पायरी १: एकच स्टॉक, तीन रोल

सुरुवातीला एकच स्टॉक, म्हणजे फिल्मचा एकच प्रकार, घ्या आणि त्याचे तीन रोल घ्या, जमलं तर एकाच बॅचचे (खोक्यावर एक्स्पायरीच्या आसपास इमल्शन नंबर छापलेला असतो, तो जुळतो का बघा). कोणता घ्यायचा? कोडॅक गोल्ड २००, कलरप्लस २०० किंवा अल्ट्रामॅक्स ४००, यातला जो सहज मिळतो तो. पोर्ट्राने सुरुवात करू नका असं मी म्हणणार नाही, पण शिकायच्या काळात महागडा रोल कॅमेऱ्यात असला की माणूस हात आखडता घेतो, आणि टेस्ट करायची म्हणजे फ्रेम मुद्दाम 'वाया' घालवाव्या लागतात.

फॉरमॅट ३५ एमएमच ठेवा. १२० मध्ये (मोठ्या आकाराची फिल्म) बारा-सोळा फ्रेममध्ये रोल संपतो, मग ब्रॅकेटिंग (एकच फोटो कमी-जास्त उजेड देऊन पुन्हा पुन्हा काढणं) करताना जीव तुटतो.

पायरी २: खोका नीट वाचा

तीन गोष्टी बघायच्या. पहिली, प्रोसेस. सी-४१ लिहिलं असेल तर ती कलर निगेटिव्ह, ई-६ असेल तर स्लाइड (जिच्यावर चित्र सरळ रंगांतच दिसतं), आणि ईसीएन-२ असेल तर ती सिनेमासाठीची फिल्म आहे जी कुणीतरी छोट्या कॅसेटमध्ये भरून विकतंय. या शेवटच्या प्रकारात सावध राहा, कारण सिनेमाच्या बऱ्याच फिल्मच्या पाठीवर काळा कार्बनचा थर असतो, त्याला रेमजेट म्हणतात, आणि असा रोल नुसता 'कलर आहे' म्हणून साध्या सी-४१ लॅबच्या मशीनमध्ये टाकला तर तो थर सुटून केमिकलमध्ये जातो आणि तुमच्याबरोबर इतरांचेही रोल खराब होतात. तेव्हा लॅबला आधी विचारा, नंतर रोल द्या.

दुसरी गोष्ट, डेलाइट की टंगस्टन. डेलाइट फिल्म साधारण ५५०० केल्विनच्या उजेडासाठी बनवलेली असते, टंगस्टन ३२०० केल्विनसाठी. डेलाइट रोल पिवळ्या बल्बखाली वापरला की सगळं नारंगी येतं आणि टंगस्टन रोल उन्हात वापरला की निळं. काही जणांना ते निळं आवडतं, आवडू दे, पण ती फिल्मची खोड नाही हे माहीत असू द्या. उन्हात टंगस्टन फिल्मचे रंग सरळ हवे असतील तर ८५बी फिल्टर लावायचा, त्यात दोन तृतीयांश स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). उलट बाजूने ८०ए फिल्टर आहे पण तो दोन स्टॉप खातो, म्हणजे घरातल्या आधीच कमी उजेडात त्याचा फारसा उपयोग होत नाही.

तिसरी, आयएसओ, म्हणजे २००, ४०० हा आकडा: जितका मोठा तितक्या कमी उजेडात फिल्म चालते. त्याबद्दल पुढे.

पायरी ३: रेटिंग वेगळं, पुश वेगळं

इथे नव्या लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. ४०० चा रोल आहे आणि तुम्ही कॅमेऱ्यावर २०० लावलं, लॅबला काहीच सांगितलं नाही, तर तुम्ही फक्त एक स्टॉप जास्त उजेड दिलात. याला रेटिंग बदलणं म्हणतात, धुणं नेहमीसारखंच होतं. आता ४०० चा रोल ८०० वर मारला आणि लॅबला सांगितलं की 'एक स्टॉप पुश करा', तर त्यांनी डेव्हलपरमध्ये रोल जास्त वेळ ठेवला. कॉन्ट्रास्ट वाढतो, ग्रेन (फोटोतले दाणे) वाढतो, रंग जरा भडक होतात, आणि सावलीतला जो तपशील फिल्मवर पोचलाच नाही तो काही पुश करून उगवत नाही. टेस्टच्या रोलला पुश-पुल (पुल म्हणजे उलट, कमी वेळ धुणं) काही करू नका.

कलर निगेटिव्हला उजेड थोडा जास्त चालतो, कमी अजिबात चालत नाही. कारण असं की धुताना जिथे चांदीचे कण डेव्हलप होतात तिथेच रंगाचे डाय तयार होतात, मग ब्लीच आणि फिक्समध्ये चांदी निघून जाते आणि फक्त डाय उरतात. जिथे उजेडच पोचला नाही तिथे डाय नाही, मग स्कॅनर त्या रिकाम्या जागेतून काहीतरी ओढून काढायला बघतो आणि तुम्हाला मिळतात त्या गढूळ, हिरवट, दाणेदार सावल्या. लोक ज्याला 'फिल्मचा व्हिंटेज लुक' म्हणून मिरवतात त्यातलं निम्मं हे साधं अंडरएक्सपोजर असतं! याउलट दोन स्टॉप ओव्हर झालं तर डायचे ढग एकमेकांवर चढतात, ग्रेन उलट बारीक दिसतो. तीनच्या पुढे गेलात की निगेटिव्ह एवढी गडद होते की स्कॅनरला तिच्यातून रंग नीट वाचता येत नाहीत आणि ते सरकायला लागतात.

स्लाइडचं नेमकं उलटं. तिथे उजेड जास्त झाला की फिल्म पारदर्शक होते, म्हणजे त्या भागात काही उरतच नाही, आणि अर्ध्या स्टॉपची चूकही डोळ्यात भरते. म्हणून स्लाइड सध्या लांबच ठेवा.

पायरी ४: टेस्टचा रोल

३६ फ्रेमपैकी २० फ्रेम टेस्टला, बाकीच्या १६ तुमच्या मर्जीने. चार प्रकारचा उजेड निवडायचा: कडक ऊन, सावली (म्हणजे उन्हाच्या दिवशी भिंतीच्या किंवा झाडाच्या आडोशाला), ढगाळ दिवस, आणि घरातला बल्ब. प्रत्येक ठिकाणी पाच फ्रेम: एक स्टॉप अंडर, बरोबर, एक ओव्हर, दोन ओव्हर, तीन ओव्हर.

फ्रेममध्ये काय असावं? एक माणूस हवाच, कारण त्वचेचा रंग चुकला की लगेच कळतं, पानाचा रंग चुकला तर कुणाला पत्ता लागत नाही. त्याच्या हातात ग्रे कार्ड (मीटरसाठी मिळणारं ठरावीक राखाडी कार्ड) द्या, नसेल तर पांढरा कागद, आणि मागे थोडं हिरवं, थोडं निळं, एखादी गडद वस्तू असेल असं बघा. आणि महत्त्वाचं म्हणजे त्या कागदावर जाड मार्करने लिहा, '+१ सावली', '+२ सावली', असं. वहीत नोंद कराच, पण कागद फ्रेममध्ये दिसला पाहिजे, कारण स्कॅन होऊन आल्यावर मशीनने सगळ्या फ्रेम सारख्या उजळ करून टाकलेल्या असतात आणि कोणती कोणती हे नुसतं बघून सांगता येत नाही.

अ‍ॅपर्चर हलवायचं नाही, शटर बदलायचं, म्हणजे मागचं धूसर होणं पाचही फ्रेममध्ये सारखं राहील. उदाहरणार्थ २०० चा रोल, कडक ऊन, समोरून उजेड. सनी १६ च्या हिशोबाने (कडक उन्हात एफ/१६ ला शटर साधारण १/आयएसओ) एफ/१६ ला १/२५० हे बरोबर. मग एक अंडर म्हणजे १/५००, एक ओव्हर १/१२५, दोन ओव्हर १/६०, तीन ओव्हर १/३०. शेवटच्या दोन फ्रेमला कॅमेरा कशावर तरी टेकवा नाहीतर हलेल. समोरच्याला सांगून ठेवा की पाच क्लिक होईपर्यंत जागचं हलायचं नाही, कारण मान वळली की गालावरचा उजेड बदलतो आणि तुलना गेली.

कॅमेरा ऑटो असेल तर आयएसओ डायल वापरा: २०० चा रोल असताना डायल ४०० वर म्हणजे एक अंडर, १०० वर एक ओव्हर, ५० वर दोन, २५ वर तीन. मात्र ऑटोमध्ये कॅमेरा अ‍ॅपर्चर बदलतोय की शटर हे बघून घ्या, अ‍ॅपर्चर प्रायोरिटी असेल (ते तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा ठरवतो) तर उत्तम. पॉइंट अँड शूटमध्ये डायलच नसतो, तो कॅसेटवरचा डीएक्स कोड वाचतो, म्हणजे ते काळे-चंदेरी चौकोन. तिथे ही टेस्ट अवघड आहे, मित्राचा एसएलआर मागा.

मीटर कुठे धरायचा हाही प्रश्न येतो. कॅमेऱ्यातला मीटर आकाश बघून फसतो, म्हणून ग्रे कार्डजवळ जाऊन फ्रेम भरून रीडिंग घ्या, मग मागे येऊन तेच लावून फोटो काढा. कार्डावर तोच उजेड पडतोय ना जो चेहऱ्यावर पडतोय, एवढं फक्त बघा. घरातल्या बल्बखाली जुन्या पद्धतीचा टंगस्टन बल्ब असेल तर छान, एलईडीचा भरवसा नसतो, काही एलईडी हिरवट मारतात आणि दोष फिल्मच्या माथी जातो.

पायरी ५: लॅबला काय सांगायचं

तिथेच तर घोडं पेंड खातं. धुण्याची प्रोसेस ठरलेली आहे: सी-४१ ही कोडॅकने १९७२ मध्ये आणली, डेव्हलपर ३७.८ डिग्री सेल्सियस, वेळ ३ मिनिटं १५ सेकंद, आणि चांगली लॅब असेल तर या पायरीवर फारसा फरक पडत नाही. फरक पडतो स्कॅनला. निगेटिव्हवर जो नारंगी रंग दिसतो तो मास्क आहे, डाय शंभर टक्के शुद्ध नसतात म्हणून त्यांची भेसळ भरून काढायला तो मुद्दाम ठेवलेला असतो. स्कॅनरला आधी हा नारंगी वजा करायचा असतो, मग उलटं सुलट करायचं, मग ठरवायचं की यातलं 'पांढरं' कुठलं आणि 'राखाडी' कुठलं. हे ठरवणं म्हणजेच रंग. त्यात मशीनचा हात असतो आणि मशीनवर बसलेल्या माणसाचाही. फुजीचा फ्रंटियर आणि नोरित्सू, लॅबमध्ये हे दोन स्कॅनर सगळ्यात जास्त चालतात, एकच निगेटिव्ह दोन्हीतून काढली तर बघणारा म्हणेल दोन वेगळे रोल आहेत.

म्हणून लॅबला रोल देताना चार वाक्यं बोला. स्कॅनर कोणता आहे ते विचारा आणि लिहून ठेवा. 'प्रत्येक फ्रेमला वेगळं कलर करेक्शन करू नका, पूर्ण रोल एकाच सेटिंगवर स्कॅन करा' असं सांगा, काही लॅब याला फ्लॅट स्कॅन म्हणतात. टिफ (फोटोची तपशील न गमावणारी मोठी फाइल) देत असतील तर टिफ घ्या. आणि ही टेस्ट आहे, अंडर-ओव्हर मुद्दाम केलंय, हेही सांगा, नाहीतर बिचारा माणूस प्रत्येक फ्रेम 'सुधारत' बसतो. काही लॅबवाले हे ऐकून तोंड वाकडं करतील, अशा वेळी दुसरी लॅब बघा, पण एकदा ठरवली की पुढचे सगळे टेस्टचे रोल तिथेच.

घरी डिजिटल कॅमेऱ्याने स्कॅन करणार असाल तर मॅक्रो लेन्स, चांगल्या सीआरआयचा (म्हणजे रंग खरे दाखवणारा) लाइट पॅनल, आणि एक्सपोजर-व्हाइट बॅलन्स दोन्ही लॉक, पूर्ण रोलभर. फ्रेमच्या कडेची कोरी नारंगी पट्टी थोडी तरी फोटोत येऊ द्या, उलटवताना सॉफ्टवेअरला तीच लागते.

पायरी ६: स्कॅन नंतर, आधी निगेटिव्ह

निगेटिव्ह हातात आली की आधी ती बघायची. फोनवर कोरी पांढरी स्क्रीन उघडा, ब्राइटनेस पूर्ण, आणि पट्टी जरा वर धरा. पहिली नजर कडेला टाका, जिथे फ्रेम नंबर आणि फिल्मचं नाव असतं. ती अक्षरं कारखान्यातच एक्सपोज झालेली असतात, तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नाही, ती फक्त धुण्यावर अवलंबून. अक्षरं ठसठशीत आणि फ्रेम फिकट असतील तर उजेड कमी पडला, चूक एक्सपोजरची. अक्षरंही पुसट असतील तर धुण्यात गडबड. हे कळलं की लॅबशी अर्धी भांडणं होतच नाहीत.

मग पाच फ्रेमची रांग बघा. अंडर फ्रेममध्ये माणसाच्या काळ्या केसांच्या जागी नुसता कोरा नारंगी बेस दिसेल, काहीच नाही तिथे. एक ओव्हरला त्याच जागी बारीक रेषा यायला लागतात, दोन ओव्हरला केस केस वेगळे. ज्या फ्रेमपासून गडद भागात तपशील दिसायला लागतो ते तुमचं, तुमच्या मीटरचं आणि त्या रोलचं खरं रेटिंग. बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांचे मीटर आणि शटर आपापल्या परीने भरकटलेले असतात, त्यामुळे इंटरनेटवर कुणी सांगितलं की 'अमुक रोल १०० वर मारा' तर ते त्याच्या कॅमेऱ्याचं उत्तर आहे. तुमचं उत्तर या पट्टीवर आहे.

नंतर स्कॅन उघडा आणि चार उजेडातल्या 'बरोबर' आणि '+१' फ्रेम शेजारी-शेजारी लावा. सावलीत त्वचा किती निळसर जाते, ढगाळ उजेडात हिरवा किती मरतो, हे लिहून ठेवा, दोन-तीन शब्दांत.

उरलेले दोन रोल आता त्या रेटिंगवर नेहमीसारखे मारा. टेस्ट वगैरे काही नाही, माणसं, रस्ते, संध्याकाळ, जे काढता ते.

पायरी ७: आता दुसरा स्टॉक

दुसरा रोल पहिल्यापेक्षा एकाच बाबतीत ठळकपणे वेगळा निवडा, आणि तीच २० फ्रेमची टेस्ट त्याच लॅबमध्ये. काही जोड्या सांगतो.

गोल्ड वापरून झालं असेल तर एक्टार १०० घ्या. २००८ मध्ये आलेली, ग्रेन अतिशय बारीक, लाल-निळे एकदम खणखणीत, पण चेहरे लालसर होतात आणि अंडर झाली की सावल्या निळसर पडतात. हिला निगेटिव्ह समजून ढिलाईने मारू नका, मीटर काळजीपूर्वक घ्या. डोंगर, समुद्र, रंगीत भिंती यांना मस्त, लग्नाला नको.

माणसांचे फोटो जास्त असतील तर पोर्ट्रा ४००. हिचा कॉन्ट्रास्ट मुद्दाम मऊ ठेवलेला आहे, त्वचा सांभाळून घेते, एक-दोन स्टॉप ओव्हर सहज पचवते. फक्त उन्हात गोल्डसारखा पिवळा झगमगाट हिच्याकडून मागू नका, पहिल्यांदा स्कॅन बघून 'फिकट आहे' म्हणणारे बरेच असतात.

रात्रीच्या दिव्यांसाठी सिनेस्टिल ८००टी. ही मुळात कोडॅकची व्हिजन३ ५००टी ही सिनेमाची फिल्म, रेमजेट काढून टाकलेली, म्हणून सी-४१ मध्ये धुता येते. रेमजेटचं एक काम होतं आरपार गेलेला उजेड गिळून टाकायचं. तो थर नाही, मग दिव्याचा उजेड फिल्म ओलांडून मागे आपटतो आणि परत येताना सगळ्यात खालच्या थराला लागतो, तो थर लाल उजेड पकडणारा, म्हणून वलय लाल. कॅमेऱ्यात काही बिघडलेलं नाही. पहिल्या रोलला मजा येते, नंतर प्रत्येक फोटोत तेच वलय बघून कंटाळा येतो, माझा तरी झाला.

हार्मन फिनिक्स २००, डिसेंबर २०२३ मध्ये आली, ही मुद्दाम वेगळी म्हणून घ्या. नारंगी मास्कच नाही, कॉन्ट्रास्ट जबरदस्त, ग्रेन मोठा. लॅबचे स्कॅनर मास्क धरून चालतात त्यामुळे इथे एकेका लॅबचा रंग एकदम भलताच येतो. वर जे स्कॅनबद्दल बोललो त्याचा पुरावा हवा असेल तर हाच रोल दोन ठिकाणी स्कॅन करा.

स्लाइड शेवटी. कोडॅक एक्टाक्रोम ई१००, २०१२ मध्ये बंद झालेली आणि २०१८ मध्ये परत आलेली, किंवा फुजीची प्रोव्हिया १००एफ. वेल्व्हिया ५० चं नाव फार ऐकाल, निसर्गाला अप्रतिम, चेहऱ्यांना टोमणे मारल्यासारखी. स्लाइडचा मोठा फायदा म्हणजे इथे स्कॅनरचा वाद नाही, रंग फिल्मवरच डोळ्याने दिसतात. टेस्ट करताना +२, +३ सोडून द्या, अर्ध्या-अर्ध्या स्टॉपने दोन्ही बाजूंना जा, आणि ई-६ करणारी लॅब रोल विकत घेण्याआधीच शोधून ठेवा.

रोल सांभाळणं, आणि एक्स्पायर्डचं काय

न वापरलेले रोल फ्रिजमध्ये, हवाबंद डबीत किंवा पिशवीत. बाहेर काढल्यावर एक-दीड तास तसेच राहू द्या, लगेच उघडलं तर दव धरतं. मारलेला रोल तसाच महिनोन्महिने कॅमेऱ्यात ठेवू नका, विशेषतः टेस्टचा. विमानतळावर हातबॅगेतून न्या आणि हाताने तपासायला सांगा, नवे सीटी स्कॅनर कमी आयएसओच्या रोललाही सोडत नाहीत.

एक्स्पायर्ड रोलने तुलना करायला जाऊ नका. दर दहा वर्षांमागे एक स्टॉप जास्त द्या असा अंदाज लोक धरतात, पण रोल थंडीत होता की तापलेल्या माळ्यावर, यावर सगळं ठरतं, आणि तीन रंगांचे थर सारख्या वेगाने म्हातारे होत नाहीत. गंमत म्हणून जरूर मारा. एक अपवाद, कोडाक्रोम सापडली तर तिच्यात रंग मिळायची आशा सोडा, तिची प्रोसेस स्वतंत्र होती, के-१४, आणि ती करणाऱ्या शेवटच्या लॅबने, अमेरिकेत कॅन्ससमध्ये, २०१० च्या अखेरीला रोल घेणं थांबवलं. आता ती फक्त ब्लॅक अँड व्हाइट धुता येते.

आणि निगेटिव्ह लॅबकडून परत मागून घ्या, बऱ्याच ठिकाणी स्कॅन पाठवून निगेटिव्ह काही काळाने फेकून देतात. स्लीव्हवर स्टॉक, बॅच, लॅब, स्कॅनर आणि तारीख लिहून फाइलला लावा. पुढे लॅब बदलली तर नवीन टेस्ट रोल मारायच्या आधी ही जुनीच पट्टी तिथे स्कॅन करून घ्या, म्हणजे फिल्म तीच, एक्सपोजर तेच, आणि जो काही फरक दिसेल तो त्या लॅबचा.